लिमोनचेल्लो प्यायची कशी?

लिमोनचेल्लो म्हणजे लिंबाच्या सालीचं गोड इटालियन मद्य. तिची बाटली घरात आली की बहुतेक जण ती कपाटात इतर बाटल्यांच्या रांगेत उभी करतात. तिची जागा फ्रीजरमध्ये. साधारण २५ ते ३२ टक्के अल्कोहोल आणि वर भरपूर साखर, त्यामुळे घरच्या फ्रीजरमध्ये ती गोठत नाही, पाकासारखी दाटसर होते. निदान रात्रभर तरी ठेवा.

आधी बाटली नीट निवडा. नेपल्सच्या दक्षिणेला सोरेंतो, अमाल्फीचा किनारा आणि समोरचं काप्री बेट, हा तिचा मुलूख. तिथली लिंबं मोठी, जाड आणि सुवासिक सालीची. आपल्या पातळ सालीच्या कागदी लिंबाशी त्यांची तुलनाच नको. रस यात घालतच नाहीत. पांढरा कडू भाग टाळून फक्त पिवळी साल कडक अल्कोहोलमध्ये मुरवतात, मग गाळून साखरेचा पाक मिसळतात. म्हणून ती आंबट नसते. लिंबू सरबत डोक्यात ठेवून पहिला घोट घेणारा हमखास चकतो! लेबलवर सालीचा पत्ता नाही आणि रंग मात्र घातलेला, अशी बाटली घेऊ नका. थोडी गढूळ दिसली तर बिचकू नका, ते सालीतलं तेल.

प्यायच्या अर्धा तास आधी छोटे ग्लासही फ्रीजरमध्ये ठेवा. प्रत्येकी ३०-४० मिली पुरे. बर्फ घालू नका, चव पाणचट होते. वेळ जेवणानंतरची, इटलीत अशा पेयाला ‘दिजेस्तिवो’ म्हणतात. टकीलासारखी घशात ओतायची नाही. लहान घोट घ्या, क्षणभर जिभेवर राहू द्या. थंडीने दबलेला सालीचा वास तोंडाच्या उबेने हळूहळू सुटतो, आणि सगळी मजा त्यातच आहे.

गोडवा जास्त वाटला तर स्प्रित्झ करा : तीन भाग प्रोसेको (इटलीची फसफसणारी वाइन), दोन भाग लिमोनचेल्लो, एक भाग सोडा. इथे मात्र बर्फ भरपूर हवा. मला स्वतःला व्हॅनिला आइस्क्रीमवर चमचाभर ओतलेली जास्त आवडते.

गोडीमुळे ती सौम्य वाटते, पण सौम्य नाही. गाडी चालवायची असेल तर पहिलाही ग्लास नको. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून परत फ्रीजरमध्ये ठेवा. खराब होणार नाही, पण वर्षभरात वास उतरत जातो.