न्यूडिब्रँकचे फोटो काढायला हॅवलॉकला जाताय? आधी पुडी घ्या

ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. आधी ती बॅगेत टाका, मग पुढचं वाचा.

गेल्या वेळी अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, डायव्हमध्ये 16 मीटर खोलीवर फिलिडिया व्हॅरिकोसा ही न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली रंगीत समुद्री गोगलगाय, अगदी समोर बसली होती. काळ्या-निळसर अंगावर पिवळ्या टोकांचे फोड, हलायचं नाव नाही. आणि माझ्या हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणबंद पेटीच्या, काचेला आतून वाफ धरलेली. साठ फोटो काढले, सगळे ताकातून काढल्यासारखे.

झालं काय, तर हाउसिंग मी बोटीवर बंद केलं. तिथली दमट हवा आत कोंडली, कॅमेरा चालू राहून तापला आणि काचेला बाहेरून पाणी लागलं. थंड ग्लासाला दव धरतं तसं धरणारच. म्हणून हाउसिंग सकाळी खोलीतच, एसी चालू असताना, पुडी आत ठेवून बंद करायचं आणि बोटीवर अजिबात उघडायचं नाही. शेजारचा ‘बघू जरा’ म्हणाला तरी नाही. बुटांच्या खोक्यातली पुडी चालणार नाही, ती आधीच ओल पिऊन बसलेली असते. निळ्या दाण्यांची घ्या. दाणे गुलाबी झाले की तिचं काम संपलं. सुकवून पुन्हा वापरता येते, पण स्वयंपाकाच्या तव्यावर भाजू नका, त्या निळ्यात कोबाल्ट असतं.

ओ-रिंगवर, म्हणजे हाउसिंगमध्ये पाणी शिरू न देणाऱ्या रबरी कड्यावर, केस नाही ना बघा. मेमरी कार्ड. टॉर्च चार्ज करून घ्या, कारण खाली लाल रंग सगळ्यात आधी जातो आणि उजेड नसेल तर तुमची रंगीत गोगलगाय निळी-करडी दिसते. सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेत, सामानात नाही. पुडी घेतली का?

ओळख पटवायची असेल तर नुसता वरून काढलेला सुंदर फोटो फार उपयोगाचा नाही. पहिला फोटो जरा लांबून, ती कशावर बसलीय ते दिसेल असा. बऱ्याच जाती ठरावीक स्पंजच खातात, त्यामुळे खालचा स्पंजही पुरावाच. मग वरून, मग बाजूने. फोकस डोक्यावरच्या दोन शिंगांवर, म्हणजे रायनोफोरवर. व्हॅरिकोसाची शिंगं पिवळी. तिच्यासारख्याच फोडांच्या फिलिडिएला पुस्टुलोसाची काळी. शिंगं धूसर आली तर नंतर नुसता वाद घालत बसाल. पाठीवर मागे कल्ल्यांचा तुरा आहे का तेही टिपा. क्रोमोडोरिस या दुसऱ्या न्यूडिब्रँकला असतो, फिलिडियाला नसतो, तिचे कल्ले खाली कडेला दडलेले. आणि ना रायनोफोर, ना तुरा, कागदासारखा पातळ आणि भराभर सरकणारा प्राणी दिसला तर तो चपटा कृमी. काही कृमी फिलिडियाची हुबेहूब नक्कल करतात. मी एकाचे बारा फोटो काढलेत, हसू नका.

काडीने ढोसायचं नाही, उलटं करून तळ बघायचा नाही. तळाला न टेकता पाण्यात तरंगत राहणं जमत नसेल तर कॅमेरा घरीच ठेवा. फोटोसाठी प्रवाळावर पोट टेकून पडणाऱ्यांना मी खरंच ओरडतो, श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात असताना जमेल तितकं. पाण्याखाली लिहायच्या स्लेटवर खोली आणि वेळ लिहा. वाटेत स्पंजवर रिबिनीसारखी गोल गुंडाळलेली अंडी दिसली तर तिथेच थांबा, आई बहुतेक जवळपास असते.

वर आल्यावर हाउसिंग गोड्या पाण्यात बुडवा, पुसून पूर्ण कोरडं झाल्यावरच उघडा. फोटो त्याच रात्री उतरवून खोली लिहून ठेवा. शेवटच्या डायव्हनंतर विमानाआधी 18 तास सोडा.

आणि वापरलेली पुडी काढून दुसरी ठेवा. दिवसाला एक, वर दोन जास्तीच्या. मोजा. आत्ता.