एअरड्रॉपच्या सामानाची तपासणी आणि नोंद: या चुका टाळा

एअरड्रॉप म्हणजे विमानातून पॅराशूटने सामान खाली सोडणं. भार विमानातून बाहेर पडला की दुरुस्तीची संधी संपते. त्यामुळे तपासणी जमिनीवरच पुरी व्हायला हवी आणि तपासणीच्या फॉर्मवर तेवढंच यायला हवं, जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आणि हातांनी चाचपलं.

पहिली चूक म्हणजे ज्याने भार बांधला त्यानेच तो तपासून सही करणं. रिगर, म्हणजे भार बांधणारा, कितीही कसलेला असला तरी स्वतःच्या कामातली चूक त्याच्या नजरेतून सहज निसटते. अमेरिकी सैन्यात यासाठी डीडी फॉर्म 1748 च्या मालिकेतले फॉर्म वापरतात. भार विमानात चढवण्याआधी एक तपासणी होते आणि चढवल्यावर दुसरी. दुसऱ्या वेळी लोडमास्टर, म्हणजे विमानातल्या भाराची जबाबदारी असलेला कर्मचारी, हाही सोबत असतो. ही दुसरी तपासणी उरकून टाकू नका. चढवताना भार सरकतो, पट्टे सैल पडतात, स्टॅटिक लाइन (विमानाला जोडलेली, पॅराशूट आपोआप उघडणारी दोरी) भलत्याच पट्ट्याखालून गेलेली असते.

दोन तपासण्यांच्या मधल्या वेळेत भार बेवारस ठेवू नका. एप्रिल 2016 मध्ये जर्मनीतल्या होहेनफेल्स इथे सरावात तीन हम्वी या लष्करी गाड्या पॅराशूटपासून सुटून खाली आदळल्या. पुढे लष्करी न्यायालयाने एका सैनिकाला मुद्दाम नासधूस केल्याबद्दल दोषी ठरवलं. तपासलेल्या भाराला कोणी हात लावला, अगदी एखादी गाठ घट्ट करायला का होईना, तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायची.

सर्वांत जास्त वेळ नायलॉनच्या पट्ट्यांना द्या. लांबून पट्टा चांगलाच दिसतो. तो बोटावर दुमडा आणि दुमडीच्या बाहेरच्या बाजूला तंतू उठलेत का ते बघा. शिलाईवरून अंगठा फिरवा, उसवलेला टाका डोळ्याआधी बोटाला कळतो. उन्हाने नायलॉन फिका पडतो आणि आतून कमजोर होतो. गाडीच्या बॅटरीतलं ॲसिड लागलं असेल तर त्या जागेचा रंग बदललेला किंवा पट्टा ताठरलेला असू शकतो. असा डाग दिसला की पट्टा बाजूला काढा, धुऊन परत वापरू नका. नायलॉनवर नायलॉन घासेल अशी जागाही शोधा, घर्षणाच्या उष्णतेने तो वितळतो.

गाडीखालचं कागदी हनिकोंब (मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असलेला कागदी थर) भिजलेलं किंवा आधीच दबलेलं असेल तर बदला. ते एकदाच चिरडतं आणि त्या चिरडण्यातच आदळण्याचा जोर मुरतो.

वजनाचा आकडा जुन्या फॉर्मवरून उतरवू नका. सामान सोडायचं जी-12 पॅराशूट 2,200 पाउंडांपर्यंतच्या भारासाठी असतं, म्हणजे सुमारे 1,000 किलो. तपासणीनंतर ‘जाता जाता’ ठेवलेले पाण्याचे चार कॅन या हिशेबात कुठेच नसतात.

आता नोंदीकडे. सगळं बघून झाल्यावर एका दमात खुणा करत सुटणं मला फार धोक्याचं वाटतं. एक भाग बघा, खूण करा, मगच पुढे सरका. दोष सापडला की नुसतं ‘दुरुस्त केले’ लिहू नका. कोणता पट्टा, कोणत्या कोपऱ्यातला, काय बदललं, पुन्हा कोणी पाहिलं हे सगळं लिहा. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारा आणि शेजारी सही करा. गिरवून वर दुसरं लिहिलं की खाली काय होतं ते कुणालाच कळत नाही.

इतकं करूनही ड्रॉप फसलाच, तर घाईने पॅराशूट गुंडाळू नका. आधी फोटो काढा. कापलेल्या दोरीचं टोक सरळ असतं, ताणाने तुटलेलं विस्कटलेलं, घर्षणाने गेलेलं वितळून कडक झालेलं. प्रत्येक टोक जिथे सापडलं तिथेच त्याला चिठ्ठी बांधा आणि मगच सामान हलवा.