जुन्या तसबिरी भिंतीवर लावताना या चुका टाळा

आमच्याकडे जुना वाडा पाडून स्लॅबचे घर बांधायला घेतले, की माजघरातल्या तसबिरी पोत्यात बांधून गोठ्यात ठेवल्या जातात आणि वास्तुशांतीला आठवडा उरला की कोणाला तरी त्यांची आठवण होते. मग त्या घाईघाईने तालुक्याच्या गावी मढवायला जातात. अशी चित्रे पाहण्यासाठी लोक मला बोलावतात, पण बहुतेक वेळा मी पोहोचण्याआधीच नुकसान होऊन गेलेले असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फ्रेमच्या मापाने चित्र कापणे. दर्यापूर तालुक्यात माझ्या आत्याच्या घरी सरस्वतीचे एक जुने शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेले, चित्र होते. ते साधारण २० बाय १४ इंचांचे होते आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर छापखान्याचे नाव होते. दिवाळीनंतर मी स्वतः येऊन मढवतो, तोवर हात लावू नका, असे मी आतेभावाला सांगितले होते. त्याला मात्र दसऱ्याच्या आत हॉल सजवायचा होता. फ्रेमवाल्याकडे १८ बाय १२ ची तयार चौकट होती, म्हणून चारही बाजू कटरने कापल्या गेल्या आणि कागद जुना आहे, टिकावा, म्हणून वर लॅमिनेशन केले गेले. मी गेलो तेव्हा देवीच्या पायाखालची पट्टी कचऱ्यात गेलेली होती. पुढच्या मे महिन्यात प्लॅस्टिकखाली फुगे आले. ते सोडवायचा प्रयत्न केला, तर चित्रावरचा वार्निशचा थर रंगासकट प्लॅस्टिकला चिकटून निघू लागला, तेव्हा मी थांबलो. लॅमिनेशन उष्णतेने चिकटते आणि ते उलटवता येत नाही. ते चित्र आजही तसेच आहे आणि त्याच्याकडे पाहताना मला अजूनही वाईट वाटते.

ती पट्टी इतकी महत्त्वाची का, हे समजून घ्यावे. छापखान्याच्या नावावरून चित्राच्या काळाचा अंदाज येतो. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ सालचा. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला आणि त्यानंतरही रविवर्म्यांच्याच नावाने चित्रे छापत राहिला. म्हणून पट्टीवर रविवर्म्यांचे नाव असले, तरी तेवढ्यावरून चित्र त्यांच्या हयातीतले ठरत नाही. मात्र नावाखाली लोणावळ्याचा किंवा मळवलीचा उल्लेख असेल, तर ते मुंबई सोडल्यानंतरचे आहे एवढे निश्चित कळते. पट्टी कापली की हा दाखलाच संपतो. चौकट चित्राच्या मापाने करून घ्यावी; सुताराकडून सागवानाची करून घेण्यास चार दिवस अधिक लागतात, ते लागू द्यावेत.

दुसरी चूक खरेदीची. कागद पिवळा दिसला म्हणजे चित्र जुने, असे मानून लोक पैसे मोजतात. मी दहा पट मोठे दाखवणारे भिंग खिशात ठेवतो आणि सर्वप्रथम देवीचा गाल पाहतो. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे, आणि रंगाच्या छटा कारागिराने हाताने दिलेल्या बारीक, अनियमित ठिपक्यांतून तयार होत. ऑफसेट छपाईत चार रंगांचे एकसारखे ठिपके फुलासारख्या ठरावीक नक्षीत बसलेले दिसतात. ती नक्षी दिसली की पुढे बोलणी करू नयेत. त्यानंतर मी चित्र उलटून पाहतो. चौकटीत खरोखर वर्षे काढलेल्या कागदाची कड, जिथे ती लाकडाखाली झाकलेली होती तिथे, उजळ राहते आणि मागे फळीच्या गाठींचे तपकिरी डाग उमटतात. चहाच्या पाण्याने जुना केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी असतो. विक्रेता फ्रेम उघडू देत नसेल, तर मी विकत घेत नाही.

नवी प्रत लावण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. उलट, पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीवर नवीच प्रत लावावी आणि मूळ चित्र अंधाऱ्या माजघरात ठेवावे, असे मी आग्रहाने सांगतो. परंतु व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून मोठी प्रत काढू नये. २० बाय १४ इंचांची स्वच्छ प्रत हवी असेल, तर इंचाला ३०० पिक्सेल या हिशोबाने ६००० बाय ४२०० पिक्सेलची फाइल लागते.

पावसाळ्यात चित्राला लाटा आल्या, तर बहुधा ते चारही बाजूंनी पुठ्ठ्याला डकवलेले असते. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगतो आणि त्याला सरकायला जागा उरत नाही. मी वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोनच पट्ट्या गव्हाच्या खळीने लावतो व चित्र मोकळे लोंबते ठेवतो. सेलोटेप आणि फेविकॉल जुन्या कागदाच्या जवळही आणू नये. काच कागदाला टेकू नये, म्हणून मध्ये आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी, घालावा.

ओल्या फडक्याने चित्र पुसू नये. मातीच्या भिंतीत खिळा ठोकण्याऐवजी खुंटी बसवावी, आणि चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना लाकडाचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंतीची ओल व वाळवी थेट पाठीला भिडत नाही.

कूलरचा विचार मात्र कोणीच करत नाही. उन्हाळाभर खसाच्या जाळीतून येणारी ओली हवा ज्या भिंतीवर आदळते, नेमकी तीच भिंत मोकळी दिसते म्हणून तिथे तसबीर लावली जाते, आणि पोळ्यापर्यंत काचेच्या आत बुरशीचे ठिपके दिसू लागतात. ठिपके दिसताच तसबीर उतरवावी, मागची फळी काढावी, चित्र सावलीत हवेशीर जागी दोन-तीन दिवस उघडे ठेवावे, पूर्ण सुकल्यावर वरची बुरशी घराबाहेर नेऊन मऊ कोरड्या कुंचल्याने हलकेच झटकावी आणि मग कूलर नसलेल्या खोलीत ते पुन्हा लावावे.