होडीवर शिडाऐवजी दुसरं काही लावताय? या चुका टाळा

शिडाचा कंटाळा आला की माणसं फिरता रोटर, पतंग नाहीतर पवनचक्की यांच्याकडे वळतात. खुशाल वळा, मीही वळलो. पण शनिवारी पाइप कापायचा, रविवारी होडी पाण्यात लोटायची आणि सोमवारी ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणून मोकळं व्हायचं, हे ऐकून कान किटलेत. थोतांड असतं तर जर्मन इंजिनिअर अँटोन फ्लेटनरचं रोटरवालं जहाज १९२६ साली अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचलं नसतं.

सगळ्यात जास्त वाट लागते ती रोटरची. उभा सिलिंडर मोटरने गरगर फिरवायचा. त्याची जी बाजू वाऱ्याच्याच दिशेने धावते, तिथे हवेचा दाब उतरतो आणि सिलिंडर तिकडे ओढला जातो. ही ओढ वाऱ्याला काटकोनात असते, म्हणून वारा होडीच्या कुशीवर हवा. पाठीमागून वारा असताना रोटर सुरू करून ‘होडी आडवीच सरकते’ अशी तक्रार करू नका. ती बरोबर वागतेय.

माझा पहिला रोटर म्हणजे ३० सेंटीमीटर व्यासाचा, दीड मीटर उंच पाइप. पृष्ठभागाचा वेग वाऱ्याच्या निदान तिप्पट हवा, म्हणजे सेकंदाला सहा मीटरच्या वाऱ्यात मिनिटाला साधारण ११५० फेरे. हिशोब कागदावर झकास होता. तोल मात्र मी तपासला नाही. हाताने फिरवला, डोळ्यांना सरळ दिसला, झालं. पाइपच्या आत एका बाजूला रेझिनचा ओघळ वाळून बसला होता, असेल ५० ग्रॅमचा. तेवढं वजन मधल्या आसापासून १५ सेंटीमीटरवर असलं, तर त्या वेगाला अकरा किलोचा हिसका देतं, आणि तोही सेकंदाला एकोणीस वेळा दिशा बदलून. आधी बैठकीची फळी बोलायला लागली, मग खालच्या बेअरिंगचे बोल्ट ढिले झाले, मग पाइप भोवऱ्यासारखा डुलायला लागला. आणि मोटरचा स्विच कुठे? रोटरच्या पलीकडे! वल्ह्याच्या टोकाने बॅटरीची वायर उपटली तेव्हा ते थांबलं. बोल्टांची भोकं लांबट झाली होती. ती फळी अजून जपून ठेवलीय.

तेव्हापासून रोटर आधी जमिनीवर आडवा टेकवतो, आस दोन गुळगुळीत पट्ट्यांवर. जी बाजू दरवेळी खाली येऊन थांबते ती जड. समोरच्या बाजूला वजन चिकटवायचं, कुठेही सोडला तरी तिथेच थांबेपर्यंत. मग होडी काठावरच ठेवून, फळीवर पाण्याचा पेला ठेवून दहा मिनिटं पूर्ण वेगाने फिरवतो. पेला नाचला तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही. स्विच सुकाणूच्या हाताशी. हे सांगितलं की नवखे म्हणतात, ‘एवढं कशाला, हळूच फिरवू.’ हळू फिरवलात तर ओढही तशीच मिळेल.

टोकाच्या चकत्या ‘बेढब दिसतात’ म्हणून गाळणारेही भेटतात. पाइपच्या टोकाला साधारण दुप्पट व्यासाची चकती हवीच, नाहीतर कमी दाबाच्या बाजूला वरून हवा घुसते आणि केलेली मेहनत गळून जाते. ‘ई-शिप १’ या मालवाहू जहाजाचे २७ मीटरचे रोटर फोटोत पाहा, डोक्यावर थाळ्या आहेत. शोभेला नाहीत.

आणि फिरण्याची दिशा! होडी वळली, वारा दुसऱ्या कुशीवर आला, की रोटर उलटा फिरवावा लागतो. एका मित्राने वळण सुरेख घेतलं आणि स्विच विसरला. होडी थांबली, मग मागे जायला लागली. मागे जाताना सुकाणूही उलटं लागू होतं, तो घाबरून ते आणखी दाबत राहिला आणि शेवटी मागची बाजू काठच्या लव्हाळ्यात शिरली. खूण सोपी आहे: रोटरचा होडीच्या तोंडाकडचा अर्धा भाग वाऱ्याबरोबर जायला हवा. मी काठीला लोकरीचा धागा बांधतो आणि आधी तो बघतो, कारण चालत्या होडीवर अंगावर येणारा वारा काठावरच्या वाऱ्यापेक्षा वेगळ्या दिशेचा असतो.

पतंगाचा दोर उंच काठीला बांधू नका, होडी आडवी होईल. खाली, पुढच्या बाजूला बांधा. हाताला गुंडाळायचा तर मुळीच नाही. आणि गाठ मारायची नाही, एका झटक्यात सुटणारा खटका हवा. ‘सुरी ठेवलीय जवळ’ म्हणणाऱ्याने ताणलेला दोर बसल्या जागेवरून, एका हाताने, भिजलेला असताना कापून दाखवावा. बेलुगा स्कायसेल्स या जहाजाने २००८ साली १६० चौरस मीटरचा पतंग लावला, तोही कॉम्प्युटरच्या ताब्यात देऊन. आपण निदान दोन चौरस मीटरच्या पतंगापासून सुरू करू.

पवनचक्की थेट पाण्यातला पंखा फिरवत असेल तर होडी वाऱ्याच्या तोंडावरही जाते, हे खरं आहे. पण चक्की स्वतःच होडीला मागे ढकलत असते. दोन मीटर व्यासाची चक्की सेकंदाला पाच मीटरच्या वाऱ्यात जेमतेम ८० वॉट देईल. एवढ्या ताकदीला पाण्यात मोठा, संथ पंखा लागतो. छोटा भिरभिरणारा लावलात तर फक्त फेस दिसेल. मध्ये डायनामो, बॅटरी, मोटर घालू नका. प्रत्येक जण आपला वाटा खातो.

होडीवरच पंखा बसवून स्वतःच्याच शिडावर वारा मारणाऱ्यांनी पंखा मागे वळवावा, शीड घरी ठेवावं.

विमानाच्या पंखासारखं ताठ शीड करणाऱ्यांना एकच: ते गुंडाळता येत नाही. नांगरलेल्या होडीवर त्याला वाऱ्यात मोकळं फिरू द्या आणि पुढे वजन लावून तोल साधा, नाहीतर होडी हेलकावली की ते आपोआप कोन घेतं. आमची एक होडी अशीच, आत कोणीही नसताना, नांगर ओढत निघाली होती. आम्ही काठावर जेवत बसलो होतो.