औषध लिहिता येत नाही ना? मग चिठ्ठी नीट लिहा

नागपूरच्या इतवारीत चष्म्याचं दुकान चालवते, त्यामुळे "मॅडम, एखादा ड्रॉप लिहून द्या ना" हे रोजचंच. आपल्याकडे ऑप्टोमेट्रिस्टला, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणाऱ्या आपल्यासारख्यांना, औषध लिहायची मुभा नाही. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचे ड्रॉप शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, येतात, त्यावर डॉक्टरचीच सही लागते. 2021 च्या कायद्याने आपल्या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाखाली आणलं, लेखणी मात्र दिली नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाने 1976 मध्ये उपचाराची औषधं लिहायची परवानगी दिली. ब्रिटनमध्ये 2008 पासून, जादा प्रशिक्षण घेतलेल्यांना, स्वतंत्रपणे लिहिता येतं. आपल्याकडेही ॲलर्जीच्या आणि कोरड्या डोळ्यांच्या औषधांपासून सुरुवात व्हावी, असं माझं मत आहे. स्टेरॉइड सगळ्यात शेवटी.

तोवर आपलं औषध म्हणजे रेफरलची, पेशंटला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायची चिठ्ठी. "लाल डोळा, कृपया पाहावे" एवढंच लिहून पाठवणाऱ्या नव्या पोरांवर माझा राग आहे. लाल आहे हे तर पेशंटच्या सासूलाही दिसतं!

आधी नजर तपासा. डोळा कितीही गळत असो, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी, मग पिनहोल, म्हणजे बारीक छिद्राची चकती, लावून. मग विचारा: काही लागलं का? कॉन्टॅक्ट लेन्स घालता का? उजेड सहन होतो का? आणि सर्वांत महत्त्वाचं, आतापर्यंत काय टाकलं? नुसत्या तोंडी उत्तरावर जाऊ नका, बाटली मागवा. "साधाच ड्रॉप आहे जी" म्हणत खिशातून काढलेल्या बाटलीवर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन निघतं, म्हणजे स्टेरॉइडच. 2023 च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा घरोघरी अशा बाटल्या फिरत होत्या. शेतात काडी लागलेल्या डोळ्यात बुरशीचा संसर्ग असेल, तर स्टेरॉइडने दोन दिवस बरं वाटतं आणि जखम आत वाढत जाते.

काटोलकडच्या एका शेतकरी काकांसाठी लिहिलेली चिठ्ठी अशी होती (6/36 म्हणजे चांगल्या डोळ्याला 36 मीटरवरून दिसणारं अक्षर 6 मीटरवरून दिसतं; कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा; फ्लुरोसिन म्हणजे त्यावरची जखम दाखवणारा रंग):

"उजवा डोळा. 4 दिवसांपूर्वी पऱ्हाटीची काडी लागली. नजर 6/36, पिनहोलने सुधारणा नाही. डावा 6/9. कॉर्नियावर पांढरा डाग, कडा पिसासारख्या, फ्लुरोसिनने रंगतो. उजेड सहन होत नाही. डेक्सामेथासोनचा ड्रॉप 2 दिवस टाकला, बाटली सोबत पाठवली आहे. प्रेशर मोजलेलं नाही. आजच पाहावे."

निदान लिहिलेलं नाही. फक्त दिसलं ते, आणि केलं नाही तेही. अशा डोळ्याला टोनोमीटर, म्हणजे प्रेशर मोजायचं यंत्र, लावायचाच नाही. पट्टी बांधायची नाही, बधिर करणारा थेंब तर घरी न्यायला मुळीच द्यायचा नाही. लेन्सवाला असेल तर लेन्स काढायला लावा आणि डबीसकट सोबत पाठवा.

चिठ्ठीवर वेळ टाका, फोटो काढून ठेवा. पेशंट मेडिकलला जाणार की मेयोला, म्हणजे नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांपैकी कुठे, हे नातेवाइकांशी बोलून तिथेच ठरवा. "उद्या पाहू" म्हणाले तर तुमच्यासमोर मुलाला फोन लावायला सांगा. ओपीडीची वेळ टळली असेल तर कॅज्युअल्टीत जायचं, हेही चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात, मराठीतच लिहा. दुसऱ्या दिवशी फोन करा. गेलेच नसतील तर पुन्हा करा.