पापणीच्या, नाकाच्या किंवा फेसलिफ्टच्या ऑपरेशनआधी फिलर विरघळवायचं का?

चेहऱ्यात आधीचं फिलर (भर आणायला टोचलेलं जेल वगैरे) आहे आणि आता ऑपरेशन ठरतंय, म्हणून सरसकट सगळं विरघळवायची गरज नसते. सर्जन ज्या जागी मिलिमीटरच्या हिशेबात कातडी, चरबी किंवा कूर्चा कमी-जास्त करणार आहे, तिथलं फिलर काढायचं. बाकीचं असू द्यावं. मात्र हे ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात ठरवून चालत नाही, निदान सहा आठवडे हातात हवेत.

आधी शोधा, आत नेमकं काय आहे

विरघळतं ते फक्त हायल्युरॉनिक आम्लाचं फिलर. ज्युव्हिडर्म, रेस्टिलेन ही त्यातली सर्रास वापरली जाणारी नावं. त्यावर हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की जेलच्या साखळ्या तुटतात आणि शरीर ते शोषून घेतं. रेडिएस म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्सिलअपॅटाइट, त्याच्यावर या एन्झाइमचा परिणाम होत नाही. स्कल्प्ट्रामध्ये विरघळवण्यासारखं जेलच नसतं, त्यानं शरीराला नवं कोलॅजन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) तयार करायला लावलेलं असतं. पीएमएमए (प्लास्टिकचे सूक्ष्म कण), पॉलिअॅक्रिलअमाइड आणि सिलिकॉन ही कायमची फिलर, निघालीच तर शस्त्रक्रियेनं निघतात आणि तीही क्वचितच पूर्ण.

म्हणून सर्जनकडे जाताना जुनी फाइल शोधा. फिलरच्या प्रत्येक सिरिंजच्या खोक्यात लॉट नंबरचे स्टिकर असतात. चांगल्या क्लिनिकमध्ये त्यातला एक तुमच्या कागदावर चिकटवलेला असतो. तारीख, जागा आणि किती मिली हे त्यावर हवं. कागद नसतील, पार्लरमध्ये ‘ग्लो’ म्हणून काहीतरी टोचलं असेल, तर तसं स्पष्ट सांगा. लाजून लपवलेली माहिती ऑपरेशन टेबलावर उघडी पडते आणि तेव्हा तिचा फायदा शून्य. चेहरा ओढून धरायला त्वचेखाली धागे घातले असतील तर तेही सांगा.

कागद नसतील तर उच्च फ्रिक्वेन्सीची सोनोग्राफी करून घ्यावी. त्वचेसाठीचा 15 मेगाहर्ट्झच्या वरचा प्रोब लागतो, पोटाच्या सोनोग्राफीचा चालत नाही. हायल्युरॉनिक आम्ल काळ्या पोकळीसारखं दिसतं, रेडिएस पांढरं दिसतं आणि मागे सावली पाडतं, सिलिकॉन हिमवादळासारखा पांढरा धूर दाखवतं. ‘वर्षभरात जातं’ या वाक्यावर विसंबू नका. डोळ्यांखाली आणि गालात हे जेल अनेक वर्षांनंतरही एमआरआयमध्ये सापडतं.

जागेनुसार निर्णय

खालची पापणी: इथे उत्तर जवळजवळ नेहमी ‘विरघळवा’. डोळ्याखालच्या खळगीत भरलेलं जेल पाणी धरून ठेवतं. सकाळी जास्त, खारट खाल्लं की आणखी जास्त सूज दिसते आणि ती हुबेहूब चरबीच्या पिशवीसारखी वाटते. सर्जननं ती चरबी समजून कापली आणि पुढे जेल हळूहळू निघून गेलं, की खाली खड्डा उरतो. हा खड्डा भरून काढणं मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड असतं. आरशासमोर एक साधी गोष्ट बघता येते: मान सरळ ठेवून नजर छताकडे नेली की खरी चरबीची पिशवी जास्त उठून दिसते, पाणी आणि जेल फारसं बदलत नाही. त्वचेखाली निळसर छटा असेल तर जेल फार वर बसलंय असं समजायचं. ही अंतिम तपासणी नाही, पण सर्जनला प्रश्न विचारायला पुरेशी आहे.

वरची पापणी: भुवई आणि पापणीच्या केसांच्या रेषेमध्ये साधारण 20 मिमी कातडी शिल्लक ठेवायची असा जुना दंडक आहे. भुवईत किंवा वरच्या खळगीत फिलर असेल तर हे मोजमाप फसतं. ते आधी काढलेलं बरं.

नाक: विरघळवाच. नाकाच्या दांडीवरचं फिलर हाडाची आणि कूर्चेची खरी उंची झाकतं, आणि ऱ्हायनोप्लास्टीत, म्हणजे नाकाच्या ऑपरेशनमध्ये, सगळा खेळ त्याच उंचीचा.

ओठ: फेसलिफ्टसाठी ओठांच्या फिलरला हात लावू नका. लिप लिफ्ट (वरचा ओठ उचलण्याचं ऑपरेशन) असेल तर मात्र काढा, कारण नाकाखालून किती कातडी घ्यायची हे ओठाच्या वळणावरून ठरतं.

फेसलिफ्ट: मतभेद इथेच आहेत. गालाच्या हाडावर खोल बसलेलं, वर्ष-दोन वर्षं जुनं, नजरेला न खुपणारं थोडं जेल राहू द्यायला हरकत नसते. वाटेत सापडलंच तर सर्जन ते दाबून, सलाइननं धुऊन काढतो. पण गाल फुगवलेले असतील, जबड्याच्या कडेला किंवा नाकापासून ओठापर्यंतच्या घडीत दर वर्षी भर पडत गेली असेल, तर खरी ढिलाई किती हेच कळत नाही. त्यातच स्वतःची चरबी भरायचा बेत असेल तर आधीचं जेल काढल्याशिवाय किती भरायचं याचा अंदाज बांधणं म्हणजे निव्वळ तुक्का. आमचं मत: फेसलिफ्टला जेवढं डोळ्यांना दिसतं तेवढं विरघळवा, उरलेलं सर्जनवर सोडा.

प्रत्यक्ष विरघळवताना

ऑपरेशनच्या सहा आठवडे आधी सर्व बाजूंनी फोटो काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरपे, एकाच उजेडात. मग पहिलं इंजेक्शन. परिणाम काही तासांत सुरू होतो, 24 ते 48 तासांत बहुतेक उरकतो. पण टोचल्याची सूज आणि काळेनिळे डाग मधे येतात, म्हणून निवाडा दोन आठवड्यांनी. उरलं असेल तर दुसरा डोस, पुन्हा दोन आठवडे थांबायचं, आणि मगच सर्जननं अंतिम आखणी करायची. घरात लग्न आहे म्हणून फेसलिफ्ट करणाऱ्यांनी हे सहा आठवडे आणि ऑपरेशननंतरचे किमान तीन महिने असे लग्नाच्या तारखेपासून उलटे मोजावेत.

डोसचा ढोबळ हिशेब: 1 मिलीत 20 मिग्रॅ हायल्युरॉनिक आम्ल असलेल्या जेलसाठी दर 0.1 मिलीमागे 5 युनिट. 24 मिग्रॅच्या घट्ट जेलला दुप्पट, आणि गालासाठीच्या कडक जेलला त्याहूनही जास्त किंवा पुन्हा पुन्हा. आपल्याकडे 1500 युनिटची पावडरची कुपी सर्रास मिळते. ती 10 मिली सलाइनमध्ये विरघळवली तर 1 मिलीत 150 युनिट, 0.1 मिलीत 15. तीच 1 मिलीत विरघळवली तर 0.1 मिलीत थेट 150. दहापटीची ही चूक होऊ शकते, म्हणून ‘किती मिलीत केलंत आणि मला किती युनिट दिलेत’ हे विचारा आणि फाइलमध्ये लिहून घ्या. डोळ्याखाली अर्धा मिली जेल असेल तर पहिल्या खेपेला साधारण 25 ते 30 युनिट, म्हणजे 10 मिलीत केलेल्या द्रावणाचं जेमतेम 0.2 मिली लागतं. एकदम भरपूर देण्यापेक्षा दोनदा थोडं दिलेलं चांगलं. तुमच्या त्वचेतलं स्वतःचं हायल्युरॉनिक आम्लही त्यात तुटतं. ते शरीर दिवसा-दोन दिवसांत परत बनवतं, पण तोवर चेहरा ओढलेला, खचलेला दिसतो. त्याला घाबरून लगेच नवं फिलर भरू नका.

अॅलर्जीचा भाग हलक्यात घेऊ नका. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून अंगभर सूज, श्वास लागणे असं कधी झालं असेल तर आधी सांगा. त्यांच्या विषातही हेच एन्झाइम असतं. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्याभोवती भूल देताना त्यात हायल्युरोनिडेज मिसळण्याची पद्धत आहे. म्हणजे पन्नाशी-साठीतल्या माणसाचा या औषधाशी संबंध आधीच आलेला असू शकतो. अॅलर्जीची चाचणी अशी करतात: 150 युनिट प्रति मिलीच्या द्रावणाचं 0.02 मिली हाताच्या त्वचेत टोचतात. पाच मिनिटांत कडा पसरलेली गांधी उठली आणि 20 ते 30 मिनिटं खाजत राहिली, तर पुढे जायचं नाही. चाचणी साफ असली तरी खोलीत अॅड्रेनालिन (तीव्र अॅलर्जीवरचं तातडीचं औषध) हवंच. मोठ्या माणसाला 1:1000 चं 0.5 मिली मांडीच्या स्नायूत देतात. ते नसलेल्या ठिकाणी हे इंजेक्शन घेऊ नका, घरी किंवा ऑनलाइन मागवून तर मुळीच नाही.

जिथे पुरळ, पू किंवा लालसर गरम सूज आहे तिथे हायल्युरोनिडेज टोचत नाहीत, संसर्ग पसरतो. बोटॉक्स त्याच जागी त्याच दिवशी घेऊ नये, तेही नको तिकडे सरकतं. आणि ऑपरेशनच्याच सकाळी विरघळवून घेण्याची घाई टाळा: या एन्झाइममुळे स्थानिक भूल रक्तात लवकर शोषली जाते आणि सुजेमुळे मोजमापही बिघडतं.

सर्जननं स्वतः विरघळवणं उत्तम. ते त्वचारोगतज्ज्ञाकडे करणार असाल तर कोणती जागा, किती युनिट, कोणत्या तारखेला याची चिठ्ठी सर्जनकडे पोचवा. दोन आठवड्यांनंतरचा फोटोही त्यासोबत द्या, कारण सर्जन आखणी त्याच्यावरून करणार.

ऑपरेशननंतर ओठात किंवा गालात पुन्हा थोडं भरायचं असेल तर किमान तीन महिने, सूज पूर्ण उतरेपर्यंत थांबा. या वेळचे स्टिकर मात्र फाइलला लावून घ्या.