आयर्न वाकवण्याआधीची तयारी

गोल्फची आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याचे क्लब, वाकवायचा बार हातात घेण्याआधी सेट कोणत्या धातूचा आहे ते बघा. घडीव कार्बन स्टीलची आयर्न दोनेक अंश लॉफ्ट (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, म्हणजे फेसचा, मागे झुकाव) किंवा लाय (शाफ्टचा, म्हणजे दांड्याचा, जमिनीशी कोन) बदलायला फारशी कुरकुर करत नाहीत. ओतीव 17-4 जातीचं स्टेनलेस स्टील मात्र हट्टी. एखाद-दुसऱ्या अंशापलीकडे ताणलं तर हॉझेलपाशी, म्हणजे शाफ्ट बसतो त्या मानेपाशी, तडकायची भीती. आतून पोकळ असलेली आयर्न घरी वाकवायचीच नाहीत. धातू नक्की कळत नसेल तर ओतीवच धरून चाला.

मग लाय खरंच चुकलीय का याची खातरजमा. चेंडूवर मार्करने ठळक उभी रेघ ओढा, ती फेससमोर येईल असा चेंडू ठेवा आणि मारा. फेसवर उमटलेली रेघ ग्रूव्हजना (फेसवरच्या आडव्या खाचांना) काटकोनात असेल तर काही करायचं नाही. तिचं वरचं टोक टो-च्या (शाफ्टपासून लांबच्या) बाजूला झुकलं तर लाय जास्त उभी आहे, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जाणार. हीलकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) झुकलं तर उलट. एका फटक्यावरून निकाल लावू नका. दरवेळी रेघ एकाच बाजूला झुकतेय का ते पाहा. कित्येकदा दोष स्विंगचा असतो आणि शिक्षा क्लबला होते.

सामान थोडंच: पक्का बसवलेला जड व्हाइस (वस्तू जबड्यांत आवळून धरणारा शिकंजा), जबड्यांना लावायला ॲल्युमिनियमच्या किंवा लाकडी पट्ट्या, हॉझेलला ओरखडा न पाडणाऱ्या तोंडाचा बेंडिंग बार, डिजिटल अँगल गेज, गॉगल आणि वही. मोजताना शाफ्टला रबरी क्लॅम्प हवाच. ग्राफाइटचा शाफ्ट थेट जबड्यात कधीच नको. शाफ्ट पुढे-मागे न झुकता फक्त बाजूला कललेला आणि फेसवरचे ग्रूव्हज अगदी आडवे, असा क्लब धरा. फेस उभ्या रेषेपासून जितका मागे झुकलाय तो लॉफ्ट. शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन ही लाय. न वाकवायचे क्लबही मोजा, कारण खरा प्रश्न दोन क्लबांमधल्या फरकाचा असतो. 7 नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट 33 अंश आणि 8 नंबरचा 35 भरला, तर दोन्हींचे चेंडू जवळजवळ एकाच जागी पडतात. साधारण 4 अंशांचं अंतर बरं.

वेजच्या (जास्त लॉफ्टच्या, जवळच्या फटक्यांच्या आयर्नच्या) बाबतीत बाऊन्सचा, म्हणजे तळाच्या जमिनीशी होणाऱ्या कोनाचा, हिशेब आधी करा. लॉफ्ट 2 अंश घटवला की बाऊन्सही तेवढाच घटतो. 10 चा 8 झाला की मऊ वाळूत वेज खणायला लागतो.

प्रत्येक क्लबपुढे आताचा आणि हवा असलेला आकडा लिहून झाला की मगच डोकं व्हाइसमध्ये आवळा. बार हॉझेलवर बसवा, फेरूलवर (शाफ्ट आणि हॉझेलच्या सांध्यावरच्या कडीवर) नाही. आधी लॉफ्ट, मग लाय, आणि पुन्हा दोन्ही मोजा, कारण एक हलवताना दुसरं सरकतं. झटका नको, सावकाश दाब द्या. धातू थोडा मागे येतोच. पुढे-मागे वाकवत बसलात तर हॉझेल कमकुवत होतो. हे सगळं फेरीआधीच उरका, फेरी चालू असताना मुद्दाम असा बदल केलेला क्लब गोल्फच्या नियम 4.1 नुसार वापरता येत नाही. सुरुवात सेटमधल्या सगळ्यात कमी वापरातल्या आयर्नने करा.